गोड बोलण्याची अट

वीणाताई घाणेकरांचं शवपेटीसाठीचं माप त्यांच्या नवऱ्याने इतक्या वेळा घेतलं होतं की आता त्यांना गुदगुल्यासुद्धा होत नसत. डॉक्टर प्रल्हाद घाणेकर त्यासाठी टेप वापरत नसत. कपाळावर वीत ठेवायची, मग हनुवटी, मग गळा, असं करत पायाच्या अंगठ्यापर्यंत जायचं आणि चेहरा अगदी सुतकी ठेवून सांगायचं, "बाईसाहेब, रुंदी वाढलीय. लाकूड जास्त लागणार." वीणाताई हातातला चहा न सांडता म्हणायच्या, "अहो, मग आणखी थोडी वाढवूनच घ्या. तुमच्या बहिणीलाही त्यातच बसवू." नवऱ्याला त्यांनी जन्मात कधी अरेतुरे केलं नाही. जे काही वाभाडे काढायचे ते अहोजाहो करूनच काढले.

ऐकून कसंतरी वाटलं असेल तर त्यात तुमची चूक नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात सगळ्यांना वर्षानुवर्षं कसंतरीच वाटत आलं. वीणाताईंनी पुरणपोळ्या करून आणल्या की डॉक्टर टेबलापाशी उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, "इन्शुरन्स आहे ना?" वीणाताई मागून सांगायच्या, "अहो, घाबरवू नका लोकांना. ज्यांच्यासाठी करते ते अजून जिवंत आहेत." लोक हसायचे, पण हसताना एकमेकांकडे बघायचे. घरी जाताना गाड्यांमधून बायका म्हणायच्या, बिचारी वीणाताई, कसं सहन करते कोण जाणे. त्याच वेळी वीणाताई आपल्या गाडीत बसून आज कोणाचं तोंड किती वाकडं झालं याच्या नकला करत असायच्या.

हे खूळ आलं टीव्हीवरून. लग्न करून दोघं मिरजेहून निघाले ते थेट अमेरिकेत आले नाहीत. त्या काळी बरेच डॉक्टर आधी इंग्लंडला जायचे, तसे तेही गेले. लँकेशायरमधलं एक कोंदट गाव, हॉस्पिटलच्या आवारात एक खोली, आणि खोलीत भाड्याने आणलेला टीव्ही. दर सोमवारी संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. प्रेतं पुरायचा धंदा करणारा एक माणूस आणि त्याची बायको. तो दर भागात तिचं माप घ्यायचा, ती दर भागात त्याच्या चहात काहीतरी घालायची, आणि न दिसणारे प्रेक्षक खो खो हसायचे. पहिल्यांदा बघितली तेव्हा वीणाताईंना रडू आलं. "तो तिला एवढं टाकून बोलतोय आणि ही माणसं हसतात कशाला?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मलाही कळत नाही. पण उद्या ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे यावरच बोलणार. बघायला पाहिजे."

तर दोघांनी तो विनोद गृहपाठासारखा शिकून घेतला. अमेरिकन मालिकेत शेवटी कोणीतरी काहीतरी शिकतं, चुकलेला माफी मागतो. इंग्रजांच्या त्या मालिकेत कोणी काही शिकत नसे आणि कोणी सोडूनही जात नसे. पुढच्या सोमवारी तीच दोन माणसं, तेच घर, तोच चहा. मग एके दिवशी तिथला खडूस सर्जन ऑपरेशन सुरू करताना म्हणाला, "घाणेकर, तुझ्या भुलीपेक्षा माझ्या सासूच्या गप्पांनी पेशंट लवकर झोपेल." डॉक्टर घरी आले ते उड्या मारतच. आजपर्यंत तो सर्जन त्यांच्याशी फक्त सभ्यपणे बोलला होता. आज त्याने त्यांना आपल्यातलं मानलं होतं.

आणि मग त्यांची मुलगी गेली. पहिली, जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी, त्याच हॉस्पिटलात. सगळं गाव एकदम गोड बोलायला लागलं. मेट्रन गोड, शेजारीण गोड, ज्याने आजवर साधं गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं तो पोर्टरसुद्धा मान कलती करून गोड. वीणाताईंना तो हळू आवाज ऐकला की धडकी भरायची. सोमवारी खोलीत डॉक्टरांनी सवयीने टीव्ही लावला, तो माणूस बायकोचं माप घ्यायला लागला, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या वीणाताई म्हणाल्या, "अहो, माझंही घ्या." डॉक्टरांनी रडत रडत वीत लावली. अंगठ्याशी पोचल्यावर काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हणाले, "स्वस्तात पडशील." वीणाताई हसल्या. खूप वेळ हसल्या, मग रडल्या, मग उठून त्यांनी भात लावला. त्या दिवसापासून त्यांच्या घरात टोमणा म्हणजे आपण अजून आहोत, आणि गोड आवाज म्हणजे कोणीतरी गेलं.

हे शंतनूला कोणीच सांगितलं नाही. तो नंतर झाला, अमेरिकेत आल्यावर, आणि मुलांना असलं काही सांगायचं नसतं अशी ती पिढी. त्यामुळे त्या पोराने लहानपणापासून फक्त एवढंच बघितलं की आपला बाप आपल्या आईला मारण्याच्या गोष्टी करतो आणि आई हसते. त्याच्या मित्रांचे आईबाप फोन ठेवताना न चुकता 'लव्ह यू' म्हणायचे. याची आई म्हणायची, "नीट जा, नाहीतर तुझ्या खोलीत भाडेकरू ठेवीन." शंतनू वडिलांच्या विनोदावर कधी हसला नाही. कळायला लागल्यापासून नाही. मोठा झाला, चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर झाला, आणि ॲरिझोनाच्या त्या उन्हातल्या घरात आपल्या बायकोशी आणि मुलीशी इतकं जपून बोलायला लागला की डॉक्टर म्हणायचे, याच्या घरात जेवताना माझी शुगर वाढते.

वीणाताईंचा कॅन्सर सापडला तेव्हा तो पोटभर पसरलेला होता. डॉक्टर स्वतः भूलतज्ज्ञ, निवृत्त झाले तरी स्कॅन वाचता येत होता. त्यांनी तो वाचला, त्याची घडी केली आणि म्हणाले, "बाईसाहेब, अभिनंदन. या वेळी माझ्या आधी पोचताय." वीणाताई म्हणाल्या, "मग काय. तुमच्या मागे राहून तुमचे कपडे कोण आवरणार?" त्यानंतर स्वयंपाकघरात दोघांनी एकमेकांना किती वेळ धरून ठेवलं ते त्यांचं त्यांना माहीत. पण बोलले ते एवढंच. हॉस्पिटलात शेवटच्या आजाराच्या वॉर्डात हलवलं तेव्हाही नवरा सकाळी जाऊन बसायचा आणि दोघांची जुगलबंदी चालायची. वीणाताईंना एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या श्वासापर्यंत हेच चालू राहावं.

जानेवारीतली दुपार होती, बाहेर बर्फ. मॉर्फिनच्या पंपाची नळी कुठेतरी दुमडली आणि पंप ओरडायला लागला. डॉक्टरांनी आयुष्यभर असले पंप हाताळलेले. उठले, नळी सरळ केली, आवाज बंद करायचं बटण दाबलं. मग उभेच आहोत तर म्हणून, एक हात पंपावर तसाच ठेवून, वीणाताईंच्या कपाळापासून गळ्यापर्यंत वीत आणली. "केवढीशी राहिलीस. बुटांच्या खोक्यात मावशील." वीणाताईंना हसू आलं, हसताना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. त्याच क्षणी केली नावाची तरुण नर्स पंपाचा आवाज ऐकून आत आली. तिला दिसलं ते असं की एक हात पंपावर आणि एक हात बायकोच्या गळ्यापाशी ठेवून म्हातारा उभा आहे, आणि बायको गुदमरते आहे.

"काय करताय तुम्ही?" तिने विचारलं.

शहाण्या माणसाने सरळ सांगितलं असतं. पण डॉक्टरांना इंग्रजीत कोणी सरळ प्रश्न विचारला की त्यांच्या अंगात लँकेशायर संचारायचं. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ते म्हणाले, "पेटीचं माप घेतोय. आधी ऑर्डर दिली की सवलत मिळते. तुम्ही तेवढं मॉर्फिन वाढवलंत तर आजच उरकेल."

केली हसली नाही. तिने अगदी शांतपणे डॉक्टरांना बाहेर बसायला सांगितलं, कॉफी हवी का विचारलं, आणि वर कळवलं. तिचं काही चुकलं असं म्हणायची सोय नाही. असं ऐकलं की कळवायचं हा तिथला कायदा आहे आणि तो कायदा कुठल्यातरी खऱ्या म्हातारीसाठी कोणीतरी विचार करूनच केला असणार. तासाभरात सोशल वर्कर आली. तिचं नाव हेदर, आवाज मऊ, गळ्यात लोकरीचा स्कार्फ. ती आधी एकटी वीणाताईंशी बोलायला गेली.

आता इथे तरी प्रकरण मिटायला हवं होतं. वीणाताई शुद्धीवर होत्या, इंग्रजी उत्तम बोलायच्या. त्यांनी फक्त म्हणायचं होतं की अगं, गंमत करत होते ते. पण हेदरने खुर्ची पुढे ओढून, मान कलती करून विचारलं, "तुमच्या नवऱ्याने कधी तुम्हाला इजा करायचा प्रयत्न केला आहे का?" आणि वीणाताईंना वाटलं, चला, या बाईला पण खेळात घ्यावं. मॉर्फिनमुळे जीभ जड झाली होती, तरी त्यांनी वाक्य नीट जुळवून म्हटलं. "प्रयत्न खूप केला हो. त्यांना कुठलंच काम पुरं करता येत नाही."

हेदरने ते लिहून घेतलं. वीणाताई खुशीत झोपी गेल्या. नवरा परत आला की त्याला आपला हा षटकार सांगायचा असं त्यांनी ठरवलं असणार, पण नवऱ्याला आत सोडलंच नाही.

शंतनू दुसऱ्या दिवशी विमानाने आला. हेदरने त्याला एका लहान खोलीत बसवून विचारलं, घरी हे असंच चालायचं का. शंतनू खोटं बोलणारा मुलगा नाही. तो म्हणाला, हो, मला आठवतं तेव्हापासून. आई हसायची का? हो, हसायची. मग तो म्हणाला, "पण मला नेहमी वाटायचं, ती दुसरं काय करणार होती?" दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं.

ऐकलं आणि ते वाक्य त्यांच्या छातीत रुतून बसलं. एवढ्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कधी पडला नव्हता. ते आठवायला लागले. एकदा मंडळाच्या कार्यक्रमात वीणाताईंनी नाट्यगीत म्हटलं होतं आणि हे मधेच म्हणाले होते, भूल द्यायला माझी गरज नाही, हिला गाऊ द्या. लोक हसले होते. गाडीत त्या दिवशी वीणाताईंनी नकला केल्या नव्हत्या. दमली असेल, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर त्या मंडळात गायल्याचं आठवेना. म्हणजे दमली नव्हती का? विचारायला हवं होतं, आणि विचारण्यासारखं माणूस एकच होतं, ते तिकडे वीणाताईंच्या खोलीत होतं, आणि तिथे त्यांना सोडत नव्हते.

मंडळातले नंदू जोगदेव धावून आले. मैत्री जुनी, माणूस सरळ. हेदरला ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, हा तोंडाचा वाईट आहे, मनाचा नाही. आम्हाला सगळ्यांना वहिनींची फार दया यायची, पण माणूस चांगला आहे." बाहेर येऊन त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "सांगितलंय मी. काळजी करू नकोस." डॉक्टरांनी त्यांचे आभार मानले. मदत करायला आलेल्या माणसाचे आभार मानावेच लागतात.

संध्याकाळी शंतनू त्यांना गाडीत घालून घरी न्यायला निघाला. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू करून तो काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसला. डॉक्टरांनी ठरवलं, आता सांगायचं. सगळं सांगायचं, मुलगी, मेट्रन, सोमवार, सगळं. त्यांनी तोंड उघडलं. पण एवढ्या वर्षांत ती गोष्ट त्यांनी कधी सरळ सांगितलीच नव्हती, तिला सरळ शब्दच नव्हते. तोंडातून आलं ते असं, "तुझ्या आधी तुला एक बहीण झाली होती. आमची खोली बघितली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली."

शंतनूने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. "बाबा, प्लीज. नॉट नाऊ. प्रत्येक गोष्ट जोक नसते."

काच साफ झाली आणि गाडी निघाली.

हॉस्पिटलने ठरवलं ते फार कडक नव्हतं. उलट सगळे फार समजुतीने वागत होते. पोलिस नाहीत, आरोप नाही. चौकशी संपेपर्यंत डॉक्टरांनी एकट्याने भेटायचं नाही. भेटताना हेदर खोलीत बसेल. मराठीत बोलायचं असेल तर स्क्रीनवर दुभाषी असेल आणि प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगेल. चौकशीबद्दल पेशंटशी बोलायचं नाही, ती अस्वस्थ होईल. आणि एकही धमकीवजा किंवा अपमानाचं वाक्य आलं तर भेट तिथेच बंद, पुढच्या भेटीही बंद. हेदर म्हणाली, "फक्त प्रेमाने बोला. एवढंच."

भेटीचा दिवस उजाडला तोपर्यंत वीणाताई आणखी खंगल्या होत्या. गाल बसले होते, पण डोळे जागे होते. चाकांच्या स्टँडवर एक टॅब्लेट लावलेला होता आणि त्यात राधिका नावाची मुलगी दिसत होती. ती टेक्सासमध्ये अर्विंगला आपल्या घरात बसून हे काम करत होती. मागे भिंतीवर तिच्या लहान मुलाने काढलेली चित्रं होती. "नमस्कार काका, नमस्कार काकू," ती म्हणाली. "मी इंटरप्रिटर आहे. तुम्ही जे बोलाल ते सगळं मी इंग्रजीत सांगेन. काहीच गाळता येत नाही मला."

डॉक्टर खुर्चीवर बसले. वीणाताई त्यांच्याकडे बघत होत्या, सामना सुरू व्हायची वाट बघावी तशा.

"वीणा," डॉक्टर म्हणाले, "कशी आहेस? खूप दुखतंय का?"

राधिकाने ते इंग्रजीत सांगितलं. वीणाताईंच्या भुवया जवळ आल्या.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. तुला बघायला आलो."

"रिपोर्ट आला का कसला?"

"नाही. तू आराम कर. मी आहे इथे."

प्रत्येक वाक्यानंतर तेच वाक्य परक्या भाषेत, परक्या आवाजात पुन्हा ऐकू येत होतं. वीणाताईंनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा कोपऱ्यातल्या हेदरकडे. कोणीतरी ऐकतंय म्हणून नवरा लाजतोय, असं त्यांना वाटलं असावं. ज्या माणसाने भर मंडळात कधी जीभ आवरली नाही तो आता कशाला लाजेल, हेही वाटलं असावं. त्यांनी श्वास गोळा केला. बोलायला आता फार कष्ट पडत होते.

"पलीकडच्या खोलीतले गेले काल. त्यांची बायको काय छान नटून आली होती. तुम्ही सूट प्रेसला टाकलात की नाही?"

चेंडू अगदी हातात दिला होता. डॉक्टरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. टाकलाय, पण दुकानदार विचारतोय नक्की तारीख सांगा, या बाईने आधीही फसवलंय. एवढंच म्हणायचं होतं. वीणाताई हसल्या असत्या, ठसका लागला असता, आणि दोघं पुन्हा आपापल्या जागी आले असते. राधिकाने ते इंग्रजीत सांगितलं असतं आणि हेदर उठली असती. त्यांनी हेदरच्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

"असं बोलू नको," डॉक्टर म्हणाले. "तुझ्याशिवाय मी कसा राहीन?"

राधिकाने ते इंग्रजीत अगदी हळुवार सांगितलं. हेदरचे डोळे पाणावले. त्या खोलीत वीणाताई सोडून सगळ्यांना ते वाक्य आवडलं.

वीणाताई घाबरल्या. डॉक्टरांनी त्यांना घाबरलेलं फार कमी वेळा बघितलं होतं, स्कॅन वाचून दाखवला तेव्हाही नाही. मग त्या स्क्रीनकडे वळल्या.

"बाळ, हे गृहस्थ कोण आहेत?"

राधिका गोंधळली, पण तिला गाळता येत नव्हतं. तिने सांगितलं. हेदरने मान हलवून काहीतरी लिहिलं. शेवटच्या दिवसांत माणसं ओळखू येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"यांना म्हणावं, घरी जा," वीणाताई म्हणाल्या. नजर आता डॉक्टरांवर होती, अगदी थेट. "आणि माझ्या नवऱ्याला पाठवा."

त्यांची ओळख बिळख काही गेलेली नव्हती. ही विनवणी होती, आणि त्यांना येत होती त्या एकाच पद्धतीने केलेली. डॉक्टरांना ते कळलं, त्या खोलीत त्यांना एकट्यालाच कळलं. एक वाक्य बोललं की तिचा नवरा तिला मिळेल, आणि मग तिच्याजवळ कोणी असणार नाही. नाही बोललं तर शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसता येईल, पण बसेल तो हा गृहस्थ. दारापलीकडे शंतनू उभा होता. ती दुसरं काय करणार होती, हे त्याचं वाक्य अजून रुतलेलं होतं. तिला खरंच हेच हवं असेल का, की आपल्यालाच हवंय? गाणं तिने का सोडलं?

डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला. "मी इथेच आहे, वीणा," ते म्हणाले. "माझं तुझ्यावर फार प्रेम आहे."

हे वाक्य त्यांनी तिला कधी म्हटलं नव्हतं. मराठीत कोणी म्हणतही नाही, ते भाषांतर केल्यासारखंच वाटतं. वीणाताईंनी डोळे मिटले आणि हात सोडवून घेतला नाही. सोडवायला जोर नव्हता म्हणून, की नको होता म्हणून, ते सांगता येत नाही.

त्यानंतरच्या सगळ्या भेटी चांगल्या झाल्या. हेदर तसं लिहीत होती. डॉक्टर वेळेवर यायचे, ओठांना ओला कापूस लावायचे, कपाळावरून हात फिरवायचे, हळू आवाजात बोलायचे. मान थोडी कलती व्हायची, त्यांच्या लक्षातही यायचं नाही. वीणाताई भिंतीकडे तोंड करून असायच्या. नर्सने कूस बदलून दिली तरी थोड्या वेळाने पुन्हा भिंतीकडे. एकदाही हसल्या नाहीत, एकदाही टोमणा मारला नाही. राधिकाला स्क्रीनवर बसून सांगायला फारसं काही उरायचं नाही. चौकशीत काही निघालं नाही, असं हॉस्पिटलने कळवलं ते वीणाताई बेशुद्धीत गेल्यावर. डॉक्टरांना हवं तितका वेळ एकट्याने बसायची परवानगी मिळाली. त्यांनी दार लावून घेतलं आणि कानाशी वाकून त्या सूटवरचं उत्तर सांगितलं. मग पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पंप चालू होता. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

अंत्यसंस्कार झाले. मंडळातल्या लोकांनी डबे आणून दिले आणि सगळे डॉक्टरांशी फार मायेने, फार हळू बोलले. पाहुणे गेल्यावर शंतनूने चहा केला, एक कप वडिलांच्या समोर ठेवला आणि तो त्यांच्या शेजारी बसला. असा तो पूर्वी कधी बसला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "मला एक सांगायचंय. आय वॉज सो अँग्री विथ यू. खूप वर्षं. पण शेवटी तुम्ही आईशी जे बोलत होतात ना, मी दाराबाहेरून ऐकायचो. तिला आयुष्यभर तेच हवं होतं. थँक यू."

डॉक्टरांनी चहाचा कप हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. मग मुलाकडे बघून, एकही शब्द न वाकवता, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला सरळ उत्तर दिलं.

"तिला ते नको होतं रे. मी तिला एकटं पाडून मारलं."

शंतनूच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, मायेचं, माफ केल्याचं. "यू नेव्हर स्टॉप, डू यू?" तो म्हणाला आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागला.